वरचं तावदान

जळगावात मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवचंद नानांचं गॅस गिझरचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्यांची हातोडी जास्त प्रसिद्ध होती. नानांकडे गिझर घ्यायला आलेला माणूस गिझर किती लिटरचा, वॉरंटी किती, हे नंतर विचारायचा. आधी विचारायचा, "नाना, आमची काच वाचेल का हो?"

वाचायची नाही. ज्या न्हाणीघराला हवा यायला जाळी नाही, तिथल्या खिडकीचं वरचं तावदान नाना स्वतः काढायचे. गॅस जळतो तो खोलीतली हवा खाऊन जळतो. बाहेरची ताजी हवा आली नाही तर आतल्या आत एक विषारी वायू तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस अंघोळ करता करता बसल्या जागी जातो, हे नाना प्रत्येक घरात प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायचे. लोक मान डोलवायचे. नाना त्या मानेवर विश्वास ठेवायचे नाहीत. स्टुलावर चढायचे, पटाशीने काचेच्या कडेची वाळलेली लांबी खरवडायचे, काच अलगद काढायचे आणि तिथे न ठेवता पिशवीत घालून दुकानात घेऊन यायचे. घरात ठेवली तर थंडी पडल्याबरोबर लोक ती परत बसवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत अर्ध्या जळगावच्या काचा धूळ खात उभ्या होत्या.

एका वकिलाने काच काढू दिली नाही. नानांनी पिशवीतून हातोडी काढली आणि एका ठोक्यात तावदान फोडलं. वकील लालबुंद झाला. "मी कोर्टात खेचीन तुम्हाला!"

"खेचा ना," नाना म्हणाले, "पण त्यासाठी तुम्ही जिवंत राहिलं पाहिजे."

ही गोष्ट नंतर तो वकीलच लग्नाकार्यात रंगवून सांगायचा. नानांची मुलगी नूतन लहानपणी सुट्टीत वडिलांबरोबर जायची आणि खालून स्टूल धरायची. काच निघाली की टाळ्या वाजवायची.

असा हा माणूस. कुणाच्या बापाला न भिणारा. पण मुलीच्या सासरी मात्र त्याची पार शेळी व्हायची.

आता हे आपल्याकडचं एक विचित्रच आहे. मुलगी दिली म्हणजे जणू काही गुन्हा केला, असं मुलीच्या बापाचं वागणं. नूतन धुळ्याला दिलेली. व्याही जीवरामभाऊंची जिनिंग मिल, मोठा कारभार, पण माणूस मोकळा. लग्नात त्यांनी कसली अट घातली नव्हती की कसला मानपान धरला नव्हता. तरी नाना त्यांच्या घरी सोफ्याच्या कडेला बसायचे, उठायला सोपं जावं म्हणून बसल्यासारखे. नात भाविका जन्मेपर्यंत तर त्यांनी त्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नव्हतं, कारण त्यांच्या वडिलांनी त्यांच्या बहिणीच्या घरचं लावलं नव्हतं. जीवरामभाऊ चिडून म्हणायचे, "नाना, आमनं पानी काय खारं शे का?" नाना हसायचे आणि पिशवीतली स्वतःची बाटली काढायचे.

भाविका सहा वर्षांची झाली त्या वर्षी जीवरामभाऊंनी धुळ्यात नवा बंगला बांधला. त्याआधी सगळं घर मनालीला जाऊन आलं होतं, आणि तिथल्या हॉटेलात भाऊंनी भिंतीतली गॅसची शेकोटी पाहिली होती. समोर काच, आत खोटी लाकडं, बटण दाबलं की खऱ्या ज्वाळा. भाऊंचा जीव तिथेच अडकला. धुळ्याची थंडी काही लेचीपेची नाही, पौषात माणसं दातावर दात आपटतात, त्यामुळे त्यांना निमित्तही शोधावं लागलं नाही. त्यांनी शेकोटी मागवली आणि जळगावला फोन केला. "नाना, तुमनाच हाते बसाडनी शे. दुसरा कोनले हात लावू देनार नही."

नाना दोन दिवस हरखलेले होते. पत्नी सुमनबाई मात्र बस पारोळ्याच्या पुढे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "तिथं हातोडी काढू नका हं. पोरीचं घर आहे."

"मला काय अक्कल नाही का?" नाना म्हणाले, आणि हातोडी पिशवीच्या तळाशी सरकवली.

हॉल पाहून नानांचे डोळे दिपले. संगमरवर, छताला नक्षी, आणि रस्त्याच्या बाजूला भली मोठी खिडकी, खाली सरकत्या काचा आणि वर पक्की बसवलेली तावदानं. जावई हितेंद्रने कौतुकाने दाखवलं, "पप्पा, एक फट नाही ठेवली कुठे. धुळ्याची धूळ आत यायचं नाव घेत नाही. एसीची थंड हवा जात नाही, हिवाळ्यात ऊब जाणार नाही."

नानांनी शेकोटीबरोबर आलेला कागद वाचला. बिनचिमणीची शेकोटी होती. जळालेला वायू बाहेर न्यायला नळी नाही. बंद खोलीत लावू नये, बाहेरची हवा सतत आत येईल अशी वाट असावी, असं त्यात ठळक लिहिलं होतं, आणि लिहिलं नसतं तरी नानांना ते झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

त्यांनी वर पाहिलं. कोपऱ्यातलं वरचं तावदान काढलं की काम होणार होतं. त्यांचा हात आपोआप पिशवीकडे गेला. तेवढ्यात विहीणबाई भागाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. नूतन त्यांच्यामागे होती. तिने वडिलांकडे पाहिलं, मग वरच्या काचेकडे पाहिलं आणि हसली. नानांना वाटलं, पोर विनवते आहे. पप्पा, इथे नको. त्यांचा हात पिशवीतून परत आला. हातात आला पाना.

बाकी सगळं त्यांनी असं केलं, की कुठल्या परीक्षकाने यावं आणि शाबासकी द्यावी. टाकी बाहेर, उभी, सावलीत. नळी भिंतीत पुरली नाही, दिसती ठेवली. गॅस बंद करायचा कॉक हाताशी ठेवला आणि घरातल्या प्रत्येकाकडून तो बंद-चालू करून घेतला. साबणाचं पाणी लावून एकेक जोड तपासला. पडदा जवळ येतो म्हणून तो हातभर आखूड करायला लावला, आणि त्या पडद्यासाठी विहीणबाईंशी चक्क हुज्जतही घातली. पडद्यावर बोलायला तोंड होतं! जिथे बोलायचं तिथे मात्र दातखीळ बसली होती. निघताना ते चपला घालता घालता पुटपुटले, "फार वेळ लावत जाऊ नका." कुणी ऐकलं, कुणी नाही. नानांनी मात्र ते वाक्य जपून ठेवलं. परतीच्या बसमध्ये ते स्वतःला सांगत होते, सांगितलं ना आपण. सांगायचं काम केलं.

जळगावला आल्यावर नाना दुसऱ्यांच्या काचा आणखी जोराने काढू लागले. सुमनबाई कधी म्हणाल्या, "धुळ्याला एकदा फोन करून सांगा ना," तर ते खेकसायचे, "व्याह्याला काय फोनवर शिकवायचं? संक्रांतीला जाऊ तेव्हा बघू." रोज सकाळी उठले की पहिला विचार त्या खिडकीचा यायचा. चहाबरोबर ते तो गिळून टाकायचे.

संक्रांतीच्या आधीच फोन आला. त्या आठवड्यात थंडीची लाट होती. सकाळचीच वेळ. हितेंद्रचा आवाज ओळखू येत नव्हता. भाविका आणि आजी शेकोटीपुढे गादीवर बसल्या होत्या. आजीला उलटी झाली, भाविका हलवून उठेना. दोघींना दवाखान्यात नेलंय. "तुम्ही या," एवढंच तो म्हणाला.

नानांनी दुकानाचं शटर उघडंच टाकलं. धुळ्यापर्यंतचा रस्ता त्यांनी गाडीत डोळे मिटून काढला. सुमनबाई देवाचं नाव घेत होत्या. नानांना देवाचं नाव घेण्याचीही लाज वाटत होती. कुठल्या तोंडाने मागायचं? देव विचारेल, तावदान काढलं होतंस का?

दवाखान्यात पोचले तेव्हा दोघींच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचे मास्क होते. भागाबाई डोळे उघडून होत्या. भाविका मात्र निपचित पडलेली, केस कपाळाला चिकटलेले. नूतन तिच्या पायाशी बसली होती. तिच्या उजव्या हाताला पंजापासून मनगटापर्यंत पांढरी पट्टी होती. नानांनी पट्टी पाहिली आणि काय झालं म्हणून विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

डॉक्टर तरुण बाई होत्या, थोड्या वैतागलेल्या. "बंद खोलीत काय जळत होतं? कुणी बसवून दिलं हे?"

जीवरामभाऊ पुढे झाले. "मशीन खराब निघनं, डॉक्टर. बसाडनारा आमना घरना मानूस शे. त्यानी काहीच चूक नही." आणि त्यांनी मागे न पाहता नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

मशीन खराब नव्हतं. नाना तिथेच उभे होते. दोन पावलांवर डॉक्टर, खांद्यावर व्याह्याचा हात, आणि ओठांवर एकच वाक्य, काच मी काढली नाही. ते वाक्य दुसऱ्यांदा गिळलं गेलं. डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे गेल्या. खांद्यावरचा तो हात नानांना विस्तवासारखा लागत होता, पण तो झटकायलाही त्यांच्यात बळ नव्हतं. इतकं हलकं, इतकं हलकट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुपारी भाविकाने डोळे उघडले. मास्क ओढायला लागली, आईवर चिडली, पाणी मागितलं. सुमनबाई भिंतीला टेकून हमसून हमसून रडल्या. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आणलं, आता धोका टळला. एक-दोन दिवस ठेवू.

नाना बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. थोड्या वेळाने नूतन आली, शेजारी बसली.

"हात?" नानांनी शेवटी विचारलं.

"काच लागली. मी स्वयंपाकघरात होते, आईंचा उलटीचा आवाज आला. येऊन पाहते तर भाविका... दार उघडलं, शेकोटी बंद केली. पण एकट्या दाराने हवा खेळेना. सरकत्या काचा सरकेनात, रुळात धूळ बसली होती. मग खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि सोफ्यावर चढून वरची काच फोडली." ती स्वतःच्या पट्टीकडे पाहत होती. "खालची समोर होती, पप्पा. पण हात वरच्याच काचेवर गेला. लहानपणापासून तीच निघताना पाहिलीय ना."

नानांनी मान खाली घातली.

"पप्पा, तुम्हाला एक सांगू? घरात कुणाला बोलले नाही मी." तिचा आवाज अगदी खाली गेला. "आईंना आधीच कसंतरी होत होतं. त्या म्हणाल्या होत्या, बेटा, डोकं जड व्हयी ऱ्हायनं, दार उघड जरासं. मी उघडलं नाही. भाविकाला सर्दी होती. मी म्हटलं, आई, माझ्या पप्पांनी शेकोटी बसवलीय. धोका असता तर त्यांनी काच ठेवलीच नसती. तुम्ही बसा निवांत." ती रडू लागली. "मी बसवलं त्यांना तिथे. मीच. आता त्यांना कसं तोंड दाखवू?"

नानांना वाटलं, कुणीतरी आपल्याला या बाकावरून उचलून रस्त्यावर फेकावं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने थुंकावं. आपण गप्प बसलो हे एक. पण आपल्या त्या गप्प बसण्यावर पोरीने जीव सोपवला होता. सासूचा, लेकीचा. त्या दिवशी ती हसली ती विनवत नव्हती. आता पप्पा स्टूल मागतील म्हणून हसली होती.

"तू काही सांगायचं नाहीस," नाना उठले. "मी सांगतो."

"पप्पा, इथे नको. सगळे आहेत."

"सगळे आहेत म्हणूनच."

वॉर्डात जीवरामभाऊ होते, हितेंद्र होता, डॉक्टर भागाबाईंचा हात धरून नाडी पाहत होत्या. नाना खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. त्या पडद्याची हुज्जत सोडली, तर मुलीच्या सासरच्या माणसांसमोर ते आजवर मोठ्याने एक वाक्य बोलले नव्हते. आता बोलले तर शेजारच्या खाटांवरची माणसंही वळून पाहू लागली.

"मशीन चांगलं आहे. चूक माझी आहे. त्या हॉलमध्ये शेकोटी लावायचीच नव्हती, लावली तर काच काढायची होती. मला त्याच दिवशी माहीत होतं. मी तीस वर्षं हेच सांगत फिरतो आणि तुमच्या घरात बोललो नाही. मुलीचं घर, तुमची नवी खिडकी, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. नूतनने दार उघडलं नाही ते माझ्या भरवशावर. तिला काही बोलू नका. जे बोलायचं ते मला बोला."

हितेंद्र बायकोकडे पाहत राहिला. भागाबाईंनी मास्कच्या आडून डोळे मिटले, आणि मग खाटेवरूनच हात लांब करून नूतनला जवळ बोलावलं. नूतन गेली आणि त्यांच्या उशीपाशी डोकं टेकून रडली.

नाना वाट पाहत होते. त्यांना शिव्या हव्या होत्या. जीवरामभाऊंनी कानाखाली दिली असती तर त्यांनी दुसरा गाल पुढे केला नसता, पायच धरले असते. पण भाऊंच्या चेहऱ्यावर रागापेक्षा नवल जास्त होतं.

"नाना," ते हळू म्हणाले, "आम्ही तं वाट देखी ऱ्हायंतूत."

"कशाची?"

"तुम्ही काच काढशात त्यानी. नूतननी आधीच सांगेल व्हतं, पप्पा काच काढीसनच जातीन, वाईट वाटी लेऊ नका. म्हनीसन मी सुतारकडतून जाळी करी ठेयेल व्हती. खिडकीना मापनी. माळावर पडेल शे." भाऊंनी कपाळ चोळलं. "तुम्ही काढी नही, तं आमले वाटनं, आपलं घर पास व्हयनं. गावभर बठ्ठासले सांगत फिरनू मी. जळगावना नानानी आमनी काच ठेवी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना बंगल्यावर गेले. जीवरामभाऊ आणि नूतन सोबत होते. हॉलभर काचा पसरलेल्या होत्या. गादी तशीच पडली होती, तिच्यावर भाविकाची एक रंगीत पेन्सिल. नानांनी आधी शेकोटीचा गॅस तोडला, नळी सोडवली, शेकोटी भिंतीतून काढून अंगणात नेऊन ठेवली. मग झाडू घेऊन काचा गोळा केल्या. भाऊ म्हणाले बाई येईल, ती करेल. नानांनी ऐकलं नाही.

माळ्यावरून जाळी खाली आली. सागवानी चौकट, खिडकीच्याच रंगाने रंगवलेली, आत डासही शिरणार नाही अशी बारीक जाळी. चारही कोपऱ्यांना स्क्रूची भोकंसुद्धा पाडून ठेवलेली. कागदात नीट गुंडाळलेली, पहिल्यांदाच उघडली जात होती.

आता शेकोटीच नव्हती, त्यामुळे जाळीची तशी गरज उरली नव्हती. नवी काच बसवून टाकली असती तरी चाललं असतं. पण नानांनी स्टूल मागितलं. नूतनने आणलं आणि पट्टी नसलेल्या डाव्या हाताने धरून उभी राहिली. नाना वर चढले. चौकटीत अडकलेले काचेचे तुकडे त्यांनी पटाशीने एकेक करून काढले आणि जाळी उचलून लावली. सुताराने माप इतकं चोख घेतलं होतं की कुठे घासावी लागली नाही, ठोकावी लागली नाही. ती जागेवर जाऊन बसली. त्यांनी स्क्रू पिळले. जाळीतून रस्त्यावरची गार हवा थेट त्यांच्या तोंडावर आली, बारीक धुळीसकट.

खाली जीवरामभाऊ मान वर करून उभे होते. त्यांच्या मनात टोमणा नव्हता, तो माणूसच तसा नव्हता. त्यांना खरोखर विचारायचं होतं, म्हणून त्यांनी विचारलं.

"नाना, आते व्हयनं ना घर पास?"

नानांनी भाऊंकडे वळून पाहिलं नाही. पिळून झालेला स्क्रू ते पुन्हा पुन्हा पिळत राहिले, आणि बराच वेळ स्टुलावरून खाली उतरले नाहीत.